गाडी क्लचसाठी दिली, ती साताऱ्याला जाऊन आली

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचे दर ऐकून ज्यांनी बाहेरचं गॅरेज गाठलंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. गॅरेजचं नाव देत नाही, कारण प्रकरणाचा काही भाग अजून ग्राहक आयोगापुढे आहे. पण त्यांची पद्धत सांगते, म्हणजे तुमच्यापुढे असा कागद आला की ओळखता येईल.

गाडी माझ्या नावावर आहे, सात वर्षं जुनी. क्लच घसरायला लागला होता, चढावर इंजिन नुसतं ओरडायचं. सिंहगड रस्त्याच्या बाजूचं एक बऱ्यापैकी मोठं गॅरेज, दोन लिफ्ट, भिंतीवर कॅमेरे, ओळखीतल्या दोघातिघांची शिफारस. शुक्रवारी गाडी दिली. फोरमननं जॉबकार्ड भरलं: क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, मजुरी. किलोमीटरचा आकडा माझ्यासमोर लिहिला. गाडीचं चित्र असतं ना जॉबकार्डावर, ओरखडे आणि पोचे खुणा करून दाखवायला, ते मात्र कोरंच सोडलं. "ताई, कागदपत्रं डॅशबोर्डातच राहू द्या, लागली तर असावीत," असंही म्हणाला. आरसीची प्रत आणि विम्याची पॉलिसी तिथेच होती. क्लच बदलायला पॉलिसी कशाला लागते, हा प्रश्न तुम्ही जरूर विचारा.

रविवारी गॅरेज बंद असतं. रविवारी सकाळी माझ्या फोनवर फास्टॅगचा मेसेज आला, खेड शिवापूर टोलनाका. थोड्या वेळानं साताऱ्याच्या अलीकडचा आनेवाडी नाका. रात्री उशिरा पुन्हा तेच दोन नाके, उलट क्रमानं.

सोमवारी मालकांना फोन केला. ते जराही गडबडले नाहीत. "ट्रायलला नेली होती, ताई. क्लच घाटात चढवून बघावा लागतो." घाटच हवा होता तर कात्रज दारात आहे. त्यासाठी खंबाटकी ओलांडून आनेवाडीच्या पलीकडे जायचं काय कारण? त्यावर, "बरं, या तुम्ही, बोलू समोर."

समोर गेले तर डाव्या बाजूचा हेडलाइट नवाकोरा, उजवा पिवळट पडलेला. बंपरचा रंग बाकी गाडीपेक्षा एक छटा वेगळा, आणि फेंडर आणि दाराच्या मधली फट वर बोटभर, खाली जवळजवळ नाहीच. मागच्या सीटखाली कंदी पेढ्यांचा रिकामा पुडा होता. ट्रायल चांगली गोड झाली म्हणायची!

मी विचारायच्या आतच मालकांनी सुरुवात केली. पोरानं थोडी टेकवली, पण काळजी नको, सगळं कॅशलेसमध्ये, म्हणजे बिल थेट विमा कंपनीकडून वसूल करून, बसवून देतो. पॉलिसीची प्रत त्यांनी आधीच काढून घेतली होती आणि क्लेम फॉर्म पेन्सिलनं भरून तयार होता. वाहनचालक: मी. ठिकाण: आमच्या सोसायटीचं पार्किंग. कारण: गाडी मागे-पुढे घेताना खांबाला लागली. "तुम्ही फक्त सही करा, नुकसान तपासायला येणारा विमा कंपनीचा सर्व्हेअर आपला ओळखीचा आहे. नाहीतर साहेबांना पाठवा, त्यांना समजावतो." (आमचे साहेब गाडी चालवत नाहीत आणि सही तर मुळीच करत नाहीत.)

खरा धोका या कागदात आहे. बंपर काय, पैसे टाकले की येतो. एक क्लेम घेतला की पुढच्या नूतनीकरणाला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ओन डॅमेज हप्त्यावर, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीसाठी भरलेल्या भागावर, 50 टक्के असतो. म्हणजे ठोकणार त्यांचा पोरगा आणि भुर्दंड माझ्या हप्त्यावर. शिवाय फॉर्मवर खोटी माहिती माझ्या सहीनं जाणार. उद्या विमा कंपनीनं टोलच्या नोंदी काढल्या, तर क्लेम नाकारला जाईल आणि खोटारडी ठरणार मी, गॅरेजवाला नाही. पॉलिसीच्या कागदावर वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात, त्या कधी कोणी वाचत नाही. मोटार व्यवसायाशी संबंधित वापर त्यात स्पष्ट वगळलेला असतो. आणि त्या प्रवासात एखाद्या माणसाला धक्का लागला असता तर? नुकसानभरपाईच्या दाव्यात पहिलं नाव नोंदणीकृत मालकाचं येतं.

मी सही केली नाही. तेव्हा सूर बदलला. आता गाडी "आली तेव्हाच ठोकलेली" होती. जॉबकार्डावरचं चित्र कोरं होतंच. मग कार्डाच्या मागची बारीक ओळ दाखवली, गाडी मालकाच्या जबाबदारीवर ठेवली जाते. आणि शेवटी, गाडी नेत नसाल तर रोजचं पार्किंग भाडं लागेल.

माझा भाचा वकील आहे. त्यानं फोनवर हसत विचारलं, "मावशी, तुला घोड्याची गोष्ट माहीत आहे का?" ही गोष्ट 1872 च्या भारतीय करार कायद्यात आहे. आपली वस्तू ठरावीक कामासाठी दुसऱ्याच्या ताब्यात दिली की त्याला वकील बेलमेंट म्हणतात. कलम 151 म्हणतं, त्या माणसानं ती वस्तू स्वतःची असल्यासारखी, शहाण्या माणसाइतकी काळजी घेऊन सांभाळायची. कलम 154 त्याहून कडक आहे. ठरलेल्या कामाखेरीज वस्तू वापरली आणि त्या वापरात तिचं नुकसान झालं, तर भरपाई द्यावी लागते. कायद्यातच उदाहरण दिलंय: एकानं कलकत्त्यात बनारसला जाण्यासाठी म्हणून घोडा भाड्यानं घेतला आणि गेला कटकला. घोडा नीट काळजीनंच हाकला, तरी तो अपघातानं पडून जखमी झाला. भरपाई द्यावीच लागते. म्हणजे पोरानं गाडी कितीही जपून चालवली असली, समोरच्यानंच येऊन धडक दिली असली, तरी फरक पडत नाही. क्लचसाठी दिलेली गाडी साताऱ्याला नेली, इथेच विषय संपला.

त्या बारीक ओळीचंही त्यानं सांगितलं. 1998 साली दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात एका पाहुण्यानं मारुती झेन पार्किंगसाठी नोकराच्या हवाली केली आणि ती चोरीला गेली. कूपनवर छापलं होतं, गाडी मालकाच्या जोखमीवर. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि नोव्हेंबर 2019 मध्ये न्यायालयानं सांगितलं की गाडी ताब्यात घेतल्यावर स्वतःच्या निष्काळजीपणातून अशा ओळीच्या आडून सुटता येत नाही. योग्य काळजी घेतली हे सिद्ध करायचं ओझंही ताबा घेणाऱ्यावर. निकाल हॉटेलचा आहे, पण तत्त्व ताब्याचं आहे, आणि गॅरेज तर मजुरी घेऊन ताबा घेतं.

पार्किंग भाड्याची धमकी बऱ्याच जणांना खरी वाटते, म्हणून तेवढं सांगते. केलेल्या कामाची मजुरी मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवायचा हक्क गॅरेजला आहे, कलम 170. पण तो हक्क केलेल्या कामाच्या पैशांपुरता. मनानं लावलेल्या भाड्यासाठी गाडी अडवता येत नाही. मी क्लचचं बिल ऑनलाइन भरलं, "नुकसानीबाबत तक्रार कायम ठेवून" असं बिलावर लिहिलं आणि गाडी बाहेर काढली. फोरमन म्हणाला, असं लिहू नका. मी म्हटलं, लिहून झालंय.

पोलीस चौकीत अपेक्षेप्रमाणे "हे सिव्हिल मॅटर आहे" ऐकायला मिळालं. तरी लेखी अर्ज देऊन शिक्क्याची पोच घ्या. पुढे तीच उपयोगी पडते.

एवढं होऊनही मुख्य पुरावा माझ्याकडे नव्हता. गाडी आधीच ठोकलेली होती हे त्यांचं म्हणणं खोडायचं कसं? तो पुरावा आणून दिला ई-चलाननं. त्याच रविवारच्या सकाळी, सातारच्या दिशेनं जाताना वेग जास्त म्हणून कॅमेऱ्यानं गाडी टिपली होती आणि चलान मालकाच्या, म्हणजे माझ्या नावावर आलं होतं. चलानबरोबर फोटो असतो, तारीख आणि वेळेसकट. फोटोत गाडीचं तोंड समोरून स्पष्ट, बंपर अखंड, दोन्ही हेडलाइट सारखेच पिवळट. शुक्रवारी गाडी त्यांच्या ताब्यात, रविवारी सकाळी धडधाकट, सोमवारी नवा हेडलाइट. आयुष्यात पहिल्यांदा चलान बघून मला आनंद झाला.

भाच्यानं नोटीस पाठवली, सोबत जॉबकार्ड, टोलच्या नोंदी, चलानचा फोटो, पेन्सिलनं भरलेल्या फॉर्मचा मी काढून ठेवलेला फोटो. विश्वासघातासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 316 ही त्यात होतं. नोटिशीला उत्तर आलं नाही, मालक आले. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये मूळ हेडलाइट, बंपर आणि फेंडरचं काम त्यांच्या खर्चानं झालं. त्यांना माझ्याकडून "कोणतीही तक्रार उरली नाही" असं लिहून हवं होतं. मी फक्त काय काम झालं आणि त्याचे पैसे कोणी भरले एवढंच लिहून दिलं.

टोल, तेवढ्या दिवसांचं रिक्षाभाडं, नोटिशीचा खर्च आणि मनस्तापाची भरपाई द्यायला ते तयार नव्हते. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात गेले आहे. त्या सेवेसाठी आपण मोजलेली रक्कम 5 लाखांच्या आत असेल तर शुल्क लागत नाही, तक्रार आपण राहतो तिथल्या आयोगात करता येते, ऑनलाइनही करता येते, आणि मुदत दोन वर्षांची असते. आधी 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद केली तरी चालते; माझ्या बाबतीत तिथून गॅरेजला विचारणा गेली, उत्तर आलं नाही.

चलानाचं मी वाहतूक पोलिसांना लेखी कळवलंय की त्या दिवशी गाडी कोणाच्या ताब्यात होती, जॉबकार्डाची प्रत जोडून. चालकाची माहिती मागितली तर ती देणं मोटार वाहन कायद्यानं मालकाचं कामच आहे. चालवणाऱ्या पोराचं नाव मात्र मालकांनी अजून सांगितलेलं नाही.