पॉवरपॉइंटमधील ॲनिमेशन : वर्गात नऊ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

गेल्या जूनपासून या फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे जवळजवळ एक पूर्ण शैक्षणिक वर्ष, मी आठवी आणि नववीच्या इतिहास-भूगोलाच्या तासांना पॉवरपॉइंटमधील ॲनिमेशन नियमितपणे वापरले. मी परळ भागातील मराठी माध्यमाच्या एका शाळेत शिकवते. स्लाइड मी पूर्वीही दाखवत असे, पण त्या स्थिर असत. नकाशा, त्याखाली चार मुद्दे आणि पुढची स्लाइड. माझ्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट ३६५ ची सदस्यत्वाची आवृत्ती आहे, तर वर्गातील संगणकावर बरीच जुनी आवृत्ती आहे, आणि या दोहोंतील फरकाचा पुढे बराच संबंध येणार आहे.

प्रारंभी मला सर्वांत अवघड गेले ते परिणामांची, म्हणजे हालचालीच्या प्रकारांची (इफेक्ट्सची), निवड करणे. वस्तू पडद्यावर आणणारे एन्ट्रन्स, असलेल्या वस्तूकडे लक्ष वेधणारे एम्फसिस, वस्तू घालवणारे एक्झिट आणि वस्तूला ठरावीक वाटेने नेणारे मोशन पाथ असे चार गट आहेत. पहिल्या महिन्यात मी त्यांतील बहुतेक सगळे करून पाहिले. आज माझ्या फायलींत अपिअर (एकदम दिसणे), फेड (हळूहळू उमटणे), वाइप (एका कडेकडून उलगडत येणे) आणि मोशन पाथ एवढेच उरले आहेत. उसळत येणारी, गिरक्या घेणारी अक्षरे पाहून मुले हसतात, पण त्या ओळीत काय लिहिले होते हे विचारल्यावर वर्ग शांत होतो. एम्फसिस गटातून मी काहीच ठेवले नाही, कारण त्याचे काम मुद्दा मागे पडल्यावर त्याचा रंग फिका करणाऱ्या सोयीने अधिक चांगले होते. इफेक्ट ऑप्शन्समधील आफ्टर ॲनिमेशन या जागी राखाडी रंग निवडला की नवा मुद्दा येताच आधीचा मंदावतो, तरी वहीत लिहिताना मागे राहिलेल्या मुलाला तो वाचता येतो.

आता मुंबईच्या सात बेटांविषयी, कारण या वर्षातील माझे सर्वांत मोठे शिक्षण त्याच पाठात झाले. कुलाबा, छोटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही बेटे जोडली जाऊन आजचे शहर कसे बनले, हे मला हलत्या नकाशातून दाखवायचे होते. त्यासाठी मी मॉर्फ हे ट्रान्झिशन, म्हणजे एका स्लाइडवरून दुसरीवर जातानाचा परिणाम, वापरले. पहिली स्लाइड डुप्लिकेट करायची, दुसऱ्या स्लाइडवर त्याच आकृत्या हव्या तशा सरकवायच्या किंवा मोठ्या करायच्या आणि दुसऱ्या स्लाइडला मॉर्फ लावायचे. मधली सारी हालचाल पॉवरपॉइंट स्वतः घडवून आणतो. कोणती आकृती कोणत्या आकृतीत बदलावी हे त्याच्या लक्षात आले नाही, तर सिलेक्शन पेनमध्ये (स्लाइडवरील वस्तूंची यादी दाखवणाऱ्या चौकटीत) दोन्ही आकृत्यांना एकच नाव द्यायचे आणि त्या नावाच्या आधी दोन उद्गारचिन्हे लिहायची. मी सातही बेटे काढली, पुढच्या स्लाइडवर ती एकमेकांना चिकटवली आणि तीन सेकंदांचे मॉर्फ लावले. बेटे अलगद सरकत एकत्र आली. मला स्वतःला ते दृश्य फार आवडले होते.

माझा लॅपटॉप जोडून वर्गात ते दाखवून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "बाई, परळ आधी कुठे होतं? ते सरकून इथे आलं का?" मी तिला उत्तर देऊ लागले आणि माझ्या लक्षात आले की तिने पडद्यावर जे पाहिले तेच ती अगदी अचूकपणे सांगत होती. बेटे कधीच हलली नव्हती. आमची शाळा ज्या परळ बेटाच्या जमिनीवर उभी आहे ते आहे तिथेच होते. नाहीसे झाले ते मधले पाणी. माझ्या तोंडून भराव हा शब्द दोनदा येऊन गेला होता, पण डोळ्यांनी पाहिलेल्या तीन सेकंदांपुढे त्या शब्दाचे काही चालले नाही. सोयीची आणि देखणी म्हणून निवडलेली हालचाल चुकीचा भूगोल शिकवत होती आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार होते.

दुसऱ्या आठवड्यात मी तो पाठ मुळापासून नव्याने बांधला. या वेळी सातही बेटे स्थिर ठेवली आणि बेटांमधील उथळ, भरतीला पाण्याखाली जाणारे भाग वेगळ्या आकृत्यांनी काढून त्यांना जमिनीचा रंग दिला. प्रत्येक तुकड्याला वाइप लावले, म्हणजे तो एका कडेकडून दुसरीकडे भरत जातो. फेड लावून पाहिले तेव्हा जमीन पाण्यातून आपोआप वर आल्यासारखी दिसली, आणि तेही खरे नव्हते. टोपल्या वाहून, दगड-माती टाकून माणसांनी ती केली आहे, हे एका टोकापासून सुरू होणाऱ्या भरावातूनच जाणवते. वाइपला डावी, उजवी, वरची आणि खालची एवढ्याच दिशा असल्यामुळे तिरक्या किनाऱ्याचा भाग सरळ रेषेत कापल्यासारखा येतो. त्यावर मी काढलेला उपाय असा की मोठ्या आकृतीचे चार-पाच लहान तुकडे करायचे आणि ते एकामागून एक आणायचे. मुंबई आणि वरळी या बेटांमधली खाडी अडवणारा हॉर्नबी वेलार्ड हा बांध १७८४ च्या सुमारास पूर्ण झाला, तो एक जाड रेष म्हणून आधी येतो. त्याच्या आतली सखल जमीन त्यानंतरच्या क्लिकला कोरडी होते. मग १८३८ चा कुलाबा कॉजवे (पाण्यातून बांधलेला जोडरस्ता) आणि शेवटी माहीमला उत्तरेच्या साष्टी बेटावरील वांद्र्याशी जोडणारा १८४५ चा कॉजवे. त्या मुलीने या वेळी विचारलेला प्रश्न वेगळा होता: "बाई, एवढी माती आणली कुठून?" या प्रश्नावर आमचा उरलेला तास गेला, आणि तो तसा जावा हीच माझी इच्छा होती.

मॉर्फ मी टाकून दिलेले नाही. कोकण किनाऱ्याच्या नकाशावरून मुंबईवर आणि मुंबईवरून परळवर जाताना नकाशा मोठा होत जवळ यावा, यासाठी त्याच्यासारखे दुसरे साधन मला सापडले नाही. मात्र मूळ चित्र भरपूर मोठ्या आकाराचे घ्यावे, नाहीतर जवळ आल्यावर गावांची नावे पुसट होतात.

परिणाम कोणता निवडला याहूनही तो केव्हा आणि कोणाच्या इशाऱ्याने सुरू होतो हे महत्त्वाचे आहे, असे माझे आता मत झाले आहे. ॲनिमेशन पेनमध्ये, म्हणजे लावलेल्या परिणामांच्या यादीत, प्रत्येक ओळीसाठी ऑन क्लिक (क्लिक केल्यावर), विथ प्रिव्हियस (आधीच्याबरोबरच) आणि आफ्टर प्रिव्हियस (आधीचे संपल्यावर) असे तीन पर्याय मिळतात, आणि त्यांच्या जोडीला किती वेळ चालावे व किती वेळ थांबून सुरू व्हावे हे सेकंदाच्या अपूर्णांकापर्यंत ठरवता येते. घरी तयारी करताना सगळे आफ्टर प्रिव्हियसवर ठेवून स्लाइड आपोआप चालू द्यावी असा मोह होतो; वर्गात मात्र कोणी तरी हात वर करते, कोणाची पेन्सिल पडते, बाहेर घंटा वाजते आणि स्लाइड शिक्षिकेला मागे टाकून पुढे निघून जाते. म्हणून जिथे मुलांनी विचार करायचा आहे तिथे क्लिक, आणि जिथे दोन गोष्टी एकाच घटनेचे भाग आहेत तिथे विथ प्रिव्हियस, असा नियम मी स्वतःसाठी केला आहे.

या नियमाचा सर्वांत चांगला उपयोग पावसाच्या आलेखात झाला. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर त्याच काळात कुलाब्याला ७३ मिलिमीटरच्या आसपास. दोन्ही स्तंभ एकदम दाखवले तर मुले ते नुसते पाहतात. आलेखाला बाय कॅटेगरी हा, एकेक गट वेगळा आणणारा, पर्याय लावून आधी कुलाब्याचा स्तंभ आणला, तिथेच थांबले आणि सांताक्रूझचा स्तंभ कुठपर्यंत जाईल याचा अंदाज वहीत लिहायला सांगितला. सगळे लिहून झाल्यावर केलेल्या क्लिकने स्तंभ वर चढत गेला तेव्हा वर्गातून उमटलेला आवाज मला अजून आठवतो. एकाच शहराच्या दोन टोकांना एकाच दिवशी इतका वेगळा पाऊस पडू शकतो, हे त्यानंतर वेगळे समजवावे लागले नाही. येथे एक सूचना: आलेखाचा अक्ष आणि आकडे आधीपासून दिसायला हवे असतील, तर पार्श्वभूमीपासून ॲनिमेशन सुरू करण्याच्या चौकटीतील खूण काढावी, नाहीतर पहिला क्लिक रिकामा अक्ष आणण्यातच जातो.

मोशन पाथसाठी मी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली पहिली रेल्वे निवडली. ३४ किलोमीटरचे ते अंतर गाडीने ५७ मिनिटांत कापले होते, म्हणून मी हालचालीचा कालावधी ५.७ सेकंद ठेवला आणि एक सेकंद म्हणजे दहा मिनिटे असे मुलांना सांगितले. मोशन पाथमध्ये प्रारंभ आणि शेवट संथ करण्याची सोय असते. सुटणाऱ्या आणि थांबणाऱ्या गाडीला ती शोभून दिसते. नवख्यांनी हे मात्र लक्षात ठेवावे की वाट आखताना गाडीचा मध्यबिंदू त्या रेषेवरून चालतो आणि पुढच्या स्लाइडवर गाडी पुन्हा मूळ जागी दिसते. ती ठाण्याला उभी हवी असेल तर तिथे स्वतः ठेवावी लागते.

ट्रिगरचा, म्हणजे ठरावीक वस्तूवर क्लिक केल्यावरच सुरू होणाऱ्या ॲनिमेशनचा, वापर मी दिवाळीनंतर सुरू केला. नकाशावरील माझगाव या नावाला स्पर्श केला की तेथील गोदीचे चित्र यावे, अशी ती रचना आहे, आणि मुले स्वतः पुढे येऊन नाव निवडतात. आरंभी बोट जरा बाजूला पडले की स्लाइडच बदलत असे. ट्रान्झिशन्स टॅबमध्ये माउसच्या क्लिकवर पुढे जाण्याची खूण काढल्यापासून ती अडचण थांबली. कीबोर्डच्या बाणाने पुढे जाता येतेच.

आता दोन आवृत्त्यांमधील फरकाकडे वळते. मॉर्फ न ओळखणाऱ्या जुन्या आवृत्तीत त्याच्या जागी साधे फेड दिसते, आणि मी वर्गातील संगणकावर फाइल आधी तपासून पाहिली नव्हती, म्हणून नकाशा मोठा होत जवळ येण्याऐवजी एकदम बदलला. तेव्हापासून महत्त्वाच्या तासाला मी स्वतःचा लॅपटॉपच जोडते. फॉन्टचेही तसेच आहे. ज्या संगणकावर माझा देवनागरी फॉन्ट नव्हता तिथे दुसरा फॉन्ट आला, ओळी वेगळ्या ठिकाणी तुटल्या आणि नावांवर नेमके येणारे बाण भलतीकडे आले. फाइल जतन करताना फॉन्ट तिच्यातच अंतर्भूत करण्याचा पर्याय निवडावा. अक्षरागणिक येणारे ॲनिमेशन मी मराठी मजकुराला लावत नाही, कारण काना-मात्रांसह पूर्ण शब्द एकदम डोळ्यांसमोर आला तरच मुलांचे वाचन सुरळीत होते.

पालकांनी पीडीएफ मागितली तेव्हा आणखी एक मर्यादा कळली. पीडीएफमध्ये हालचाल उरत नाही आणि एकाच स्लाइडवर एकावर एक येणाऱ्या वस्तू सगळ्या एकदम छापल्या जातात. माझी भरावाची स्लाइड त्यात संपूर्ण भरलेली मुंबई एवढीच दिसत होती. आता मी महत्त्वाच्या टप्प्यांच्या वेगळ्या स्लाइड करून ठेवते. हालचाल हवीच असेल तर व्हिडिओ करून पाठवता येतो, पण त्यात प्रत्येक क्लिकची वेळ आधी नोंदवून ठेवावी लागते आणि ट्रिगरचा तर काही उपयोगच राहत नाही. माझ्या वर्गात पडद्यावर फार हालचाल झाली की डोके दुखणारा एक मुलगा आहे; त्याच्या वर्गासाठी स्लाइड शोच्या सेटअपमधून ॲनिमेशनशिवाय दाखवण्याचा पर्याय मी अनेकदा वापरला आहे, आणि तो एका खुणेसरशी लागू होतो याचे मला समाधान आहे.

ज्यांना केवळ मुद्दे एकेक करून आणायचे आहेत त्यांना मोफत मिळणारे गुगल स्लाइड्स पुरेसे आहे, मात्र त्यात मोशन पाथ नाही. लिबरऑफिस इम्प्रेसमध्ये ॲनिमेशन बरेच आहे, पण मॉर्फ नाही. सात बेटांचा माझा पाठ मॉर्फशिवाय, वाइपवर उभा असल्यामुळे वर्गातील जुन्या संगणकावरही तो जसाच्या तसा चालतो, आणि येत्या जूनमध्ये नव्या आठवीला मी तोच दाखवणार आहे. त्यात या वेळी एक स्लाइड वाढवली आहे: एवढी माती आणली कुठून?