वरच्या हवेचा वारा बघायचाय: नलस्कूल, विंडी की स्वतःचा नकाशा?

तासगावच्या शेडमध्ये जाळ्यांवर बेदाणा पसरलाय आणि मार्चमध्येच आभाळ भरून आलंय, अशा वेळी अंगणातला थर्मामीटर काही सांगत नाही. बघावं लागतं ते वर. दीड किलोमीटरवर, म्हणजे ८५० हेक्टोपास्कलला (हे हवेच्या दाबाचं माप; वर जाल तसा आकडा कमी होतो), बाष्प कुठल्या समुद्रावरून येतंय? पावणेसहा किलोमीटरवर (५००) पश्चिमेकडून ट्रफ, म्हणजे कमी दाबाचा लांबट पट्टा, सरकतोय का? आणि बारा किलोमीटरवर (२००) पश्चिमी जेट, म्हणजे पश्चिमेकडून येणारा वेगवान वाऱ्याचा अरुंद पट्टा, किती दक्षिणेला उतरलाय? हे बघायचे तीन रस्ते आहेत, तिन्ही फुकट.

सगळ्या पृथ्वीचं चित्र एका नजरेत हवं असेल तर नलस्कूल या संकेतस्थळाला तोड नाही. कॅमेरॉन बेकारियो यांनी २०१३ मध्ये केलेला हा गोल अमेरिकेच्या जीएफएस या हवामान अंदाजाच्या संगणकी मॉडेलवर चालतो. उंची २५० हेक्टोपास्कल ठेवा आणि उत्तर ध्रुव मधोमध येईपर्यंत गोल फिरवा. जेटच्या लाटा नागमोडी वेढा घालताना दिसतात, आणि हिवाळ्यात आपल्याकडे थंडी कुठून उतरते ते भूगोलाच्या तासाला वेगळं समजवावं लागत नाही.

पण पावसाळ्यात हाच गोल फसवतो. त्यातले थर मोजके: १०००, ८५०, ७००, ५००, २५०, ७० आणि १०. मान्सूनचा पूर्वीय जेट (पूर्वेकडून येणारा), ज्यावर हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये लिहिलं, तो १५० ते १०० हेक्टोपास्कलच्या आसपास, साधारण १४ ते १६ किलोमीटरवर वाहतो. म्हणजे २५० ला त्याचे नुसते पाय दिसतात, आणि ७० ला आपण त्याच्या डोक्यावरून पुढे गेलेलो असतो. जूननंतर वरचा वारा दाखवायचा असेल तर विंडी हे वाऱ्याच्या नकाशांचं संकेतस्थळ किंवा अ‍ॅप उघडा. तिथे २०० आणि १५० दोन्ही आहेत.

विंडीची खरी ताकद मात्र साउंडिंगमध्ये, म्हणजे एका जागेवरच्या हवेच्या उभ्या आलेखात आहे. संगणकावर गावावर राइट क्लिक करा, मोबाइलवर बोट दाबून धरा. जमिनीपासून वरपर्यंत तापमान आणि दवबिंदू अशा दोन रेषा येतात. त्या खाली जवळ आणि मध्ये लांब असतील तर खाली दमट, वर कोरडी हवा. अशात दुपारी वळीव उठला तर वाऱ्यानिशी येतो. दुसरा फायदा मॉडेल बदलून बघण्याचा. युरोपच्या ईसीएमडब्ल्यूएफ मॉडेलची चौकट ९ किलोमीटरची, जीएफएसची २२ ची. पाचव्या दिवशीचा ट्रफ दोघांनी वेगवेगळ्या जागी दाखवला, तर बेदाणा झाकायचा निर्णय त्या दिवसावर टाकू नका. आणि द्राक्षाच्या छाटणीनंतर डाऊनीची (केवडा रोगाची) फवारणी उद्या सकाळी घ्यायची की नाही, यासाठी वरच्या हवेचा नकाशा निरुपयोगी आहे. तिथे उपग्रह आणि रडारच.

दोन्हीकडे एक चूक हमखास होते. सातारा साधारण ७४० मीटरवर आहे, तिथला हवेचा दाबच ९३० च्या आसपास. त्यामुळे साताऱ्यावर १००० किंवा ९५० चा जो वारा दिसतो तो जमिनीच्या पोटातला, मॉडेलने गणिताने भरलेला. सांगलीत ९५० म्हणजे जवळजवळ पायाखालची जमीन. महाबळेश्वरला तर ८५० सुद्धा माथ्याला घासून जातो. आपल्या जिल्ह्यांत वाचायला सुरुवात ८५० पासून, आणि घाटमाथ्यावर ७०० पासून करावी. हलणाऱ्या रेघांच्या वेगावरही जाऊ नका. बिंदूवर क्लिक करून आकडा वाचा. २७०° म्हणजे पश्चिमेकडून येणारा वारा, पश्चिमेला जाणारा नव्हे. वेळ यूटीसी असेल तर साडेपाच तास मिळवा.

तिसरा रस्ता पायथन या संगणकीय भाषेत स्वतः नकाशा काढायचा. भिंतीवर लावायचा नकाशा किंवा दोन वर्षांची तुलना हवी असेल तरच या वाटेला जावं, कारण पहिला दिवस इन्स्टॉल करण्यातच जातो. हवामानाच्या फाइली वाचणाऱ्या सीएफग्रिबला ईसीकोड्स हे दुसरं सॉफ्टवेअर लागतं. ते कोंडा-फोर्ज या सॉफ्टवेअर-भांडारातून घेतलं की निम्मी डोकेदुखी जाते. जीएफएसची अख्खी फाइल सुमारे ५०० एमबी असते. नोमॅड्स या अमेरिकी सरकारी संकेतस्थळाच्या फिल्टरमध्ये ० ते ४० उत्तर, ४० ते ११० पूर्व एवढाच भाग, ८५०, ५००, २०० हे थर आणि यू (वाऱ्याचा पूर्व-पश्चिम भाग), व्ही (उत्तर-दक्षिण भाग), उंची एवढंच निवडा. काम थोडक्यात होतं. पाव अंशाच्या ग्रिडवर दर दहाव्या बिंदूलाच बाण काढा, नाहीतर नकाशा काळा होतो. ५०० च्या समोच्च रेषा पुस्तकी सवयीने ६० मीटरच्या अंतराने काढल्या तर महाराष्ट्र जवळपास कोरा राहतो, कारण उष्ण कटिबंधात उंचीचा फरकच थोडा. अंतर २० करा, किंवा सरळ प्रवाहरेषा काढा.

पाव अंश म्हणजे इथे साधारण २७ किलोमीटर. महाबळेश्वर आणि पाचगणी एकाच चौकटीत बसू शकतात, आणि त्यांच्या पावसातली तफावत तर सगळ्यांना माहीत आहे. ती या नकाशात शोधू नका.

२०१९ आणि २०२१ च्या पुरांच्या वेळची वरची हवा शेजारी-शेजारी ठेवायची असेल तर ईआरए-५ हा ईसीएमडब्ल्यूएफचा जुन्या हवामानाचा संच घ्या. १९४० पासूनची माहिती आहे, फुकट खातं काढावं लागतं. तिथे उंचीऐवजी जिओपोटेन्शियल, म्हणजे उंची गुणिले गुरुत्वाकर्षण, मिळतं. त्याला ९.८०६६५ ने भागायला विसरलात, तर ५०० चा थर जमिनीपासून ५७ हजार मीटरवर जाऊन बसतो.