परदेशात कार्ड पाकिटातच होतं आणि पैसे गेले, निघायच्या आधी हे वाचा

पहाटे सव्वातीनला हॉटेलवर मोबाईल वाजला, बँकेचा मेल, कुठल्यातरी ऑनलाइन दुकानात १ डॉलर. काहीतरी असेल म्हणून मी कूस बदलून झोपलो आणि तिथेच चुकलं. हे कार्डचोर आधी अशी बारीक रक्कम टाकून कार्ड चालू आहे का बघतात, ती गेली की मग मोठा हात मारतात. वीस मिनिटांत अजून चार मेल, त्यातले दोन मोठ्या रकमांचे. ओटीपी कोणी मागितलाच नाही, बऱ्याच परदेशी साइटवर कार्डचा नंबर, एक्सपायरी आणि सीव्हीव्ही (कार्डावरचा छोटा गुप्त नंबर) एवढ्यावर काम होतं. कुठून फुटलं ते नक्की नाही सांगता येणार, पण आदल्या रात्री बिल घेताना वेटर कार्ड आत घेऊन गेला होता आणि मी जाऊ दिलं होतं.

कार्डामागचा टोल फ्री नंबर लावला तर लागेचना, असे नंबर बऱ्याचदा देशाबाहेरून लागत नाहीत, त्यासाठी कंट्री कोडवाला वेगळा नंबर असतो. मग घाईघाईत नेटवर शोधला, पहिला दिसला तो लावला, समोरचा माणूस अगदी गोड बोलला, "सर घाबरू नका, आत्ता ब्लॉक करतो, फक्त सीव्हीव्ही सांगा." मी दोन आकडे सांगितले सुद्धा, तेवढ्यात बायकोने हातातून फोन ओढून कट केला. बँकेचा माणूस सीव्हीव्ही कधीच विचारत नाही, हे मला माहीत होतं हो, पण त्या वेळी डोकं चालत नाही.

ॲपमधून लॉक करावं तर ते ओटीपी मागतंय, आणि घरचं सिम काढून मी पासपोर्टच्या कव्हरला चिकटवलेलं. बायकोच्या कानातल्याच्या दांडीने ट्रे उघडला, हात इतके थरथरत होते की सिम पलंगाखाली गेलं. रोमिंगची रेंज येऊन कार्ड लॉक होईपर्यंत पावणेपाच वाजले. बाहेरच्या देशातून लावायचा नंबर त्याच ॲपमध्ये होता, त्यावर कार्ड कायमचं बंद केलं, डिस्प्यूट टाकला, म्हणजे हे खर्च माझे नाहीत अशी तक्रार केली, तक्रार नंबर लिहून घेतला.

पण बंद केल्यावर बायकोचं ॲड-ऑन कार्डही गेलं, कारण खातं एकच. हॉटेलचं डिपॉझिट त्याच कार्डावर, नवीन कार्ड येणार घरच्या पत्त्यावर, उरलेले चार दिवस हातातल्या कॅशवर मोजून मापून काढले. दुसऱ्या बँकेचं एक कार्ड बॅगेत वेगळं ठेवलं असतं तर ही वेळ आली नसती, एवढं तरी नक्की करा. आणि ब्लॉक केल्यावर दोन दिवसांनी अजून एक रक्कम स्टेटमेंटला चढली, ती आधीच मंजूर झालेली होती म्हणे, तिचा वेगळा डिस्प्यूट टाकावा लागला.

बाकीचे पैसे दोन महिन्यांनी परत आले. ती एक रक्कम अजून अडकलीय, दर आठवड्याला मेल करतोय.