बिटकॉइन कोअर ३० : घरच्या जुन्या डेस्कटॉपवर चालवून लिहिलेला रिव्ह्यू

बिटकॉइन कोअर म्हणजे बिटकॉइनचं मूळ सॉफ्टवेअर, त्यात वॉलेट (नाणी ठेवायची-पाठवायची सोय) आणि नोड (सगळे व्यवहार स्वतः तपासणारा भाग) दोन्ही असतं. आधीच सांगतो, वॉलेट म्हणून वापरायला कोअर घेत असाल तर तीन तारे, नोड म्हणून घेत असाल तर पाच. दोन्ही एकाच डाउनलोडमध्ये येतं आणि फुकट आहे, पण लोक एक समजून घेतात आणि दुसऱ्यावर चिडतात म्हणून हा सगळा प्रपंच.

ग्रुपवर नेहमी कोणीतरी विचारतं की मोबाईलवर वॉलेट आहे ना, मग सातशे जीबीचं हे धूड कशाला पाळायचं. तर मोबाईलचं वॉलेट स्वतः फारसं काही तपासत नाही, ते कुठल्या तरी सर्व्हरला विचारतं की माझ्या या या पत्त्यांवर किती आहेत, सर्व्हर जे सांगेल ते स्क्रीनवर दाखवतं, आणि या विचारपुशीत तुमचे सगळे पत्ते एकाच माणसाचे आहेत हे त्या सर्व्हरला फुकटात कळतं ते वेगळंच. कोअर म्हणजे तलाठ्याच्या तोंडी शब्दावर न जाता सातबारा स्वतः काढून, मागचे सगळे फेरफार पहिल्यापासून वाचून बघणं. ३ जानेवारी २००९ च्या पहिल्या ब्लॉकपासून (ब्लॉक म्हणजे व्यवहारांचा गठ्ठा) आजपर्यंतचा प्रत्येक व्यवहार तुमच्या मशीनवरून जातो, नियमात बसला तर ठीक, नाहीतर ब्लॉक कितीही मोठ्या मायनरचा (ब्लॉक बनवणाऱ्याचा) असो, तुमचा नोड तो फेकून देतो. एवढंच काम, पण ते दुसरं कोणी तुमच्या वतीने करू शकत नाही.

इन्स्टॉल करणं सोपं आहे, फाईल तपासणं मात्र जरा किचकट. साइटवर इन्स्टॉलरसोबत हॅशची (इन्स्टॉलरच्या डिजिटल ठशाची) एक फाईल असते आणि त्या फाईलवर बऱ्याच डेव्हलपरांच्या सह्या असलेली दुसरी. २२ व्हर्जनपासून बिल्ड गिक्स नावाचं साधन वापरून होतात, म्हणजे वेगवेगळ्या देशांत बसलेली माणसं तोच कोड आपापल्या मशीनवर कंपाइल करतात आणि शेवटी बाइट-न-बाइट तीच फाईल निघाली पाहिजे, तरच सही करतात. डोकं लावून केलेली गोष्ट आहे राव. बँकेचं ॲप टाकताना आपल्याला असलं काही बघायलासुद्धा मिळत नाही. फक्त विंडोजवाल्याला जीपीजी (या सह्या तपासायचं साधन) म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागते, त्यामुळे दहातले नऊ जण ही पायरी गाळतात असा माझा अंदाज. गाळू नका. निदान हॅश तरी जुळवा, विंडोजमध्ये हॅश काढायला सर्टयुटिल आधीपासून असतंच.

आता सिंक, म्हणजे सगळे जुने ब्लॉक उतरवून तपासणं. इथे बहुतेकांचा धीर सुटतो आणि बहुतेक वेळा कारण एकच असतं, हार्ड डिस्क. जुन्या फिरणाऱ्या डिस्कवर हे करूच नका, नाद सोडा. प्रॉब्लेम डाउनलोडचा नसतो. आत्तापर्यंत न खर्चलेल्या सगळ्या नाण्यांची एक यादी कोअर ठेवतं, ती दहा जीबीच्या वर गेलीये, आणि प्रत्येक व्यवहार तपासताना त्या यादीत कुठेतरी भलतीकडे जाऊन वाचायचं नि लिहायचं असतं, फिरणारी डिस्क तिथे रडायला लागते. सुरुवातीला टक्के धडाधड पळतात कारण २०१२-१३ पर्यंतचे ब्लॉक जवळजवळ रिकामेच आहेत, मग २०१६-१७ च्या आसपास पोचलं की गाडी घाटात लागते, आणि माणूस म्हणतो की अडकलं वाटतं, बंद करून परत चालू करू. अडकलेलं नसतं. साधी साटा एसएसडी आणि आठ जीबी रॅम असेल तर दोन-तीन दिवसांत पार पडतं, नेट बरं असेल तर त्याच्याही आत.

एक सेटिंग मात्र सुरुवातीलाच बदला, डीबीकॅश, म्हणजे त्या यादीसाठी किती रॅम द्यायची. हा आकडा बरीच वर्षं डिफॉल्टला ४५० एमबी आहे आणि पहिल्या सिंकसाठी फारच कंजूस आहे. आठ जीबी रॅम असेल तर तीन-चार हजार द्या, सिंक झाल्यावर परत खाली आणा. याची दुसरी बाजू आपल्याकडे जास्त महत्त्वाची, ती म्हणजे लाईट. कॅश जेवढी मोठी तेवढं जास्त काम रॅममध्ये साठून राहतं, डिस्कवर उतरलेलं नसतं, आणि त्यात लाईट गेली की शेवटचं जिथे उतरवलं होतं तिथून पुढची तपासणी परत. डाउनलोड झालेले ब्लॉक डिस्कवर असतात, ते वाया जात नाहीत, पण वेळ जातोच. आणि नेमकं लिहिता लिहिता गेली तर डेटाबेस खराब होऊन परत बांधू का असा डबा समोर येतो. आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारची लाईट जाणं म्हणजे पाहुणा नाही, घरचाच माणूस, त्यामुळे यूपीएस नसेल तर मी म्हणेन आधी यूपीएस घ्या मग नोड. इन्व्हर्टरवर भरवसा ठेवणार असाल तर एकदा मेन स्विच पाडून बघा, काही इन्व्हर्टर पलटी घेताना एवढा वेळ लावतात की डेस्कटॉप तेवढ्यात मान टाकतो.

जागा नसेल तर प्रून मोड आहे आणि तो लोकांना वाटतो तसा दुय्यम नाही. सगळे ब्लॉक उतरवतो, सगळे तपासतो, आणि मग जुने पुसत जातो, कमीत कमी ५५० एमबीपर्यंत. तपासणीत काही कमी नाही. फक्त नाण्यांची यादी ठेवावीच लागते, त्यामुळे पंधरा-वीस जीबी मोकळे हवेतच. तोटा असा की जुनं वॉलेट नंतर आणून मागचे व्यवहार शोध म्हणालात तर तो म्हणणार ब्लॉकच नाहीत माझ्याकडे, परत पहिल्यापासून उतरव. डेटाबेस खराब झाला तरी तेच. म्हणून माझं मत असं की एक टीबीची एसएसडी परवडत असेल तर पूर्ण ठेवा, आत्ता सातशे जीबीच्या पुढे गेलंय, वर्षाला ऐंशी-नव्वद जीबी वाढतं, म्हणजे दोन-तीन वर्षं निघतात. नवीनच घेत असाल तर सरळ दोन टीबी घ्या आणि विसरा.

इथे एक शंका कायम येते, अझ्यूमव्हॅलिड नावाच्या सेटिंगमुळे कोअर फसवतं का. नाही. रिलीजच्या वेळी एका ठराविक ब्लॉकचा हॅश कोडमध्ये टाकलेला असतो आणि त्याच्या आधीच्या व्यवहारांच्या सह्या तो परत तपासत नाही, बाकी किती नाणी आली, किती गेली, कोणी दोनदा खर्चली का, सगळं तपासतो. पटत नसेल तर शून्य लिहून बंद करा, वेळ चांगलाच वाढेल पण चालतं. बंद करता येतं हेच मला आवडतं.

नेटचं थोडक्यात. घरच्या फायबरला बहुतेक ठिकाणी महिन्याला ३.३ टीबीची मर्यादा असते, पहिल्या सिंकला ती आरामात पुरते. पुढे तुमचा नोड दुसऱ्यांना जुने ब्लॉक वाटायला लागला की अपलोड वाढतो, त्याला मॅक्सअपलोडटार्गेटने लगाम घालता येतो. पण आपल्याकडच्या बऱ्याच कनेक्शनला स्वतःचा पब्लिक आयपी मिळतच नाही, कंपनी शेकडो गिऱ्हाइकांना एकाच पत्त्यामागे बसवते, मग राउटरमध्ये ८३३३ पोर्ट कितीही उघडा, बाहेरून कोणी येत नाही. त्याने बिघडत काही नाही, तुमचा नोड स्वतःहून दहा जणांना जोडून घेतो आणि तपासणीला तेवढे पुरे. बाहेरच्यांनाही येऊ द्यायचं असेल तर टॉर (ओळख लपवणारं नेटवर्क) चालू करा, त्यात आयपीचा प्रश्नच येत नाही.

आता वॉलेट, जिथे मी दोन तारे कापले. पहिलं म्हणजे बारा शब्द (ज्यांवरून वॉलेट परत उभं करता येतं) नाहीत. सगळी दुनिया बारा-चोवीस शब्द कागदावर लिहून तिजोरीत ठेवते, कोअर अजून सांगतं की फाईलचा बॅकअप घे. डेव्हलपरांची बाजू मला कळते, नुसत्या शब्दांवरून पत्त्यांची रचना कळत नाही, कोअर वॉलेटमध्ये जे डिस्क्रिप्टर ठेवतं त्यात ती पूर्ण लिहिलेली असते, तांत्रिकदृष्ट्या हे जास्त स्वच्छ आहे. पण घरातल्या माणसाला, मी नसताना हे कसं काढायचं, ते समजावून सांगायला बसा म्हणजे कळेल.

दुसरं, फी. सगळं जग सॅट पर व्हीबाइटमध्ये बोलतं (सॅट म्हणजे बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग, व्हीबाइट म्हणजे व्यवहाराच्या आकाराचं माप), मेमपूलच्या (ब्लॉकमध्ये जायची वाट बघणाऱ्या व्यवहारांच्या) साइट त्यातच दाखवतात, आणि कोअरच्या खिडकीत कस्टम फी टाकायची तर ती पर किलोबाइट. म्हणजे एक सॅटची फी लावायला ०.००००१००० बिटकॉइन लिहायचं. शून्य मोजत बसा. एक शून्य कमी पडलं तर दहापट फी गेली. युनिट सॅटवर केलं तर जरा सुसह्य होतं, हजारने गुणायचं एवढंच, पण अजून हे असंच का ठेवलंय देव जाणे. फीचा आपोआप अंदाज मात्र २८ पासून बराच ताळ्यावर आलाय, आधी तो घाबरट होता आणि मेमपूल रिकामा असताना पण चढे आकडे सांगायचा.

तिसरं जुन्या लोकांसाठी. ३० मध्ये जुन्या पद्धतीचं वॉलेट उघडतच नाही, आधी मायग्रेट करावं लागतं, फाईल मेनूमध्ये तो पर्याय आहे. २०१३-१४ ची वॉलेट डॉट डॅट कोणाकडे पडली असेल तर पेनड्राइव्हवर दोन कॉप्या काढून ठेवल्याशिवाय त्या बटणाला हात लावू नका. कॉपी म्हणजे मशीनपासून वेगळी ठेवलेली कॉपी, शेजारच्या फोल्डरमधली नव्हे.

चांगल्या गोष्टीही आहेत. कॉइन कंट्रोल चालू केलं की कुठलं नाणं खर्चायचं ते स्वतः निवडता येतं, अडकलेल्या व्यवहाराची फी राइट क्लिकने वाढवता येते, पीएसबीटी (सही पूर्ण व्हायची असलेला व्यवहार) उघडता येते. आणि कन्सोल! खिडकीतच कमांड टाकायची, गेटब्लॉकचेनइन्फो, गेटपिअरइन्फो, टॅब दाबला की नाव पूर्ण होतं. शिकायचं असेल तर याच्यासारखं दुसरं साधन नाही.

मी स्वतः रोजच्या वापराला स्पॅरो नावाचं वॉलेट लावलंय. ते सरळ कोअरला जोडता येतं, मधे दुसरा सर्व्हर लागत नाही, दिसायला माणसासारखं आहे, फी नीट दाखवतं, आणि तपासणी मात्र आपल्याच कोअरची. ही जोडी सगळ्यात बरी. व्यवहार फार झाले की स्पॅरोला वेळ लागतो, तेव्हा मधे इलेक्टर्स किंवा फुलक्रम असा सर्व्हर टाकायचा, पण ती नंतरची गोष्ट.

३० बद्दल लिहायचं आणि ओपी-रिटर्नच्या भांडणाबद्दल नाही असं कसं चालेल. ऑक्टोबर २०२५ च्या या रिलीजमध्ये व्यवहाराला ओपी-रिटर्नमधून चिकटवायच्या डेटाची डिफॉल्ट मर्यादा ८३ बाइटवरून थेट एक लाख बाइटवर नेली. एक गट म्हणाला, मायनर असे व्यवहार घेतातच, मग नोडने अडवून उपयोग काय, उलट लोक तोच डेटा खोट्या पत्त्यांमध्ये घुसवतात आणि ती घाण नाण्यांच्या यादीत कायमची बसते. दुसरा गट म्हणाला, आमच्या डिस्कवर लोकांचा कचरा का, आणि बरेच जण उठून नॉट्सवर गेले, जे कोअरच्याच कोडवर उभं आहे पण फिल्टर कडक. माझं मत विचाराल तर पहिल्या गटाचं गणित बरोबर आहे आणि सांगायची पद्धत वाईट होती. वापरणाऱ्याला हेच कळायला हवं होतं की हा नियम ब्लॉक वैध की अवैध याचा नाहीच, तुमचा नोड काय पुढे ढकलतो एवढ्यापुरता आहे. डेटाकॅरियरसाइझमध्ये ८३ लिहा, तुमच्यापुरता जुना नियम परत लागू. पण ब्लॉकमध्ये आलेला डेटा कोअर असो वा नॉट्स, दोघांनाही उतरवावाच लागतो. हे न सांगता दोन्हीकडून एकमेकांची उणीदुणी काढणं महिनोन्महिने चाललं.

अपडेटच्या बाबतीत माझा नियम, पहिल्या दिवशी नाही आणि वर्षभर लांबवायचं पण नाही. ऑगस्ट २०१० मध्ये ७४६३८ नंबरच्या ब्लॉकमध्ये आकड्याच्या ओव्हरफ्लोमुळे १८४ अब्ज बिटकॉइन तयार झाले होते, काही तासांत दुरुस्ती आली आणि ती साखळी टाकून द्यावी लागली. सप्टेंबर २०१८ चा बग तर जास्त भीतीदायक, कारण तेव्हा सगळं मोठं झालेलं होतं. एक नाणं एकाच व्यवहारात दोनदा वापरलंय का ही तपासणी वेग वाढवायला म्हणून काढली गेली होती, आणि त्यातून हवेतून नाणी बनवता आली असती. तो सापडला बिटकॉइनमधून फुटून निघालेल्या बिटकॉइन कॅशवर काम करणाऱ्या डेव्हलपरला, आणि त्याने गुपचूप कळवला. म्हणजे प्रतिस्पर्धी कॅम्पातल्या माणसाने. ०.१६.३ मध्ये दुरुस्त झाला. तेव्हापासून मी रिलीज नोट्स वाचतो, निदान वरचं पानभर.

शेवटी दोन प्रश्न जे प्रत्येक जण विचारतो. नोड चालवून पैसे मिळतात का? नाही, एक रुपया नाही, हे मायनिंग नव्हे, उलट विजेचं बिल तुमचं. आणि टॅक्स? नफ्यावरचे ३० टक्के आणि विकतानाचा १ टक्का टीडीएस हे व्यवहाराला लागतं, नोड चालू ठेवण्यात कमाईच नाही. सीएला द्यायला ट्रान्झॅक्शन टॅबमधून सीएसव्ही एक्सपोर्ट होते, तारीख, पत्ता, रक्कम सगळं नीट येतं, पण कोअरमध्ये रुपया काय डॉलरचा भाव पण कुठेच दाखवत नाहीत, त्यामुळे त्या त्या दिवसाच्या भावाचा कॉलम हातानेच भरावा लागतो.