गेटच्या तयारीसाठी एनपीटेल : क्लासला पर्याय ठरतो का?

एम.टेक.साठी गेट ही प्रवेशपरीक्षा द्यायची असे ठरवलेले विद्यार्थी तिसऱ्या वर्षात हमखास विचारतात की, पुण्याला राहून क्लास लावावा की घरी बसून एनपीटेलवर, म्हणजे आयआयटीच्या प्राध्यापकांच्या विनामूल्य ऑनलाइन व्याख्यानांवर, अभ्यास करावा. ज्या घरांतून ही मुले येतात तिथे क्लासची फी, खोलीचे भाडे आणि मेसचा खर्च यांचा हिशेब मांडला की पहिला पर्याय अनेकदा आपोआप गळून पडतो, त्यामुळे दुसऱ्याविषयी नीट लिहिणे मला आवश्यक वाटते. मेकॅनिकलचे विषय शिकवताना ही व्याख्याने मी स्वतः पाहत आलो आहे आणि मुलांना सुचवत आलो आहे. विषय समजून घेण्यासाठी इतके चांगले विनामूल्य साधन माझ्या पाहण्यात दुसरे नाही. परीक्षेचा सराव मात्र केवळ त्याच्या भरवशावर सोडता येत नाही.

एनपीटेल हा केंद्र सरकारच्या निधीतून 2003 च्या सुमारास उभा राहिलेला प्रकल्प आहे. मुंबई, दिल्ली, गुवाहाटी, कानपूर, खरगपूर, मद्रास आणि रुरकी येथील सात आयआयटी आणि बंगळुरूची आयआयएससी (भारतीय विज्ञान संस्था) या संस्थांनी तो उभा केला, आणि गेटचे आयोजनही याच आठ संस्था आळीपाळीने करतात. व्याख्यानांत जो भर दिसतो तोच प्रश्नपत्रिकेतही दिसतो याचे मला म्हणूनच नवल वाटत नाही. सूत्र कुठून आले, कोणत्या गृहीतकांवर उभे आहे आणि ती गृहीतके मोडली तर काय होते, याची विचारणा दोन्हीकडे होते.

एक उदाहरण देतो. मेकॅनिकलच्या 2008 च्या प्रश्नपत्रिकेत उष्णतारोधक आवरण असलेली एक दृढ, निर्वात टाकी दिली होती. 1 मेगापास्कल दाब आणि 350 अंश सेल्सिअस तापमानाची हवा वाहून नेणाऱ्या नळीतून ती भरायची, आणि टाकीतला दाब नळीइतका झाल्यावर आतले तापमान 350 अंशांपेक्षा जास्त असेल, कमी असेल की तेवढेच, हे सांगायचे. बाहेरून उष्णता आत येत नाही, मग तापमान तेवढेच राहणार, असे पुष्कळ मुलांना वाटते. प्रत्यक्षात ते सुमारे 599 अंशांपर्यंत चढते, कारण हवेला आत ढकलण्यासाठी झालेले प्रवाहकार्य टाकीत अंतर्गत ऊर्जेच्या रूपाने साठते. नळीतील हवेची एन्थाल्पी (अंतर्गत ऊर्जा अधिक प्रवाहकार्य) हीच टाकीतील हवेची अंतर्गत ऊर्जा होते आणि केल्व्हिनमधील तापमान गॅमा पट, म्हणजे हवेसाठी 1.4 पट होते. ‘गॅमा गुणिले टी’ एवढे घोकलेल्या विद्यार्थ्याला हा प्रश्न सुटेल, पण टाकीत आधीच थोडी हवा असली किंवा हवेऐवजी वाफ असली की तो अडकेल. ज्याने कंट्रोल व्हॉल्यूमचे (ज्या ठरवलेल्या जागेत पदार्थ आत-बाहेर जातो तिचे) ऊर्जासमीकरण स्वतः मांडले आहे त्याला तिन्ही प्रश्न सारखेच. खरगपूरच्या प्रा. एस. के. सोम यांचा थर्मोडायनॅमिक्सचा अभ्यासक्रम मी याच कारणासाठी आवर्जून सुचवतो. त्याच संस्थेतील प्रा. सुमन चक्रवर्ती यांचा फ्लुइड मेकॅनिक्सचा अभ्यासक्रमही तितकाच मोलाचा आहे, कारण जी गृहीतके आपल्याकडच्या वर्गांत एका वाक्यात उरकली जातात त्यांच्यापाशी ते थांबतात.

मात्र हे थांबणे वेळखाऊ आहे. जुन्या अभ्यासक्रमांत तासातासाची चाळीसच्या आसपास व्याख्याने असतात आणि बारा आठवड्यांचा नवा अभ्यासक्रमही साधारण तीस तासांचा असतो. मेकॅनिकलच्या पेपरातला प्रत्येक विषय असा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहायचा ठरवला तर वर्ष पुरणार नाही. माझा आग्रह असा असतो की, आधी गेटचा अधिकृत अभ्यासक्रम समोर ठेवावा, आपल्याला ज्या दोनतीन विषयांची खरोखर धास्ती वाटते तेच एनपीटेलवर पूर्ण करावेत आणि बाकीच्यांतले अडलेले घटक तेवढे पाहावेत. जुन्या चित्रफितींचा आवाज आणि चित्र आजच्या मानाने सामान्य आहे, पण मजकुराला त्यामुळे बाधा येत नाही.

सरावाचे काम वेगळ्या जातीचे आहे. तीन तासांत 65 प्रश्न आणि 100 गुण, त्यांपैकी 15 गुण जनरल अ‍ॅप्टिट्यूडचे आणि मेकॅनिकलमध्ये 13 गुण इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्सचे. बहुपर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकले तर एक गुणाच्या प्रश्नाला एक तृतीयांश आणि दोन गुणांच्या प्रश्नाला दोन तृतीयांश गुण कापले जातात. संख्यात्मक उत्तराच्या प्रश्नांना गुण कापत नाहीत, पण पर्यायही नसतात, त्यामुळे आकडेमोडीत दशांश चिन्ह सरकले तर सावध करणारे काही समोर नसते. 2021 पासून आलेल्या, एकाहून अधिक अचूक पर्याय असू शकणाऱ्या प्रश्नांत अर्धवट बरोबर उत्तराला गुण नाहीत. स्वतःचा कॅल्क्युलेटर आत नेता येत नाही. पडद्यावरचाच माउसने वापरावा लागतो, आणि त्यात कोनासाठी अंश व रेडियन यांची निवड तपासण्याची सवय लावून घेतली नाही तर पूर्ण समजलेला प्रश्नही हातचा जातो. एनपीटेलच्या साप्ताहिक स्वाध्यायांना हा ताण नसतो, कारण ते सावकाश, वही उघडी ठेवून सोडवले जातात. गेटसाठी एनपीटेलने वेगळा विभाग केला आहे, त्यात मागील वर्षांचे प्रश्न, त्यांच्या उकलीच्या चित्रफिती आणि सराव चाचण्या मिळतात. तिथून सुरुवात करणे योग्यच, पण मागील प्रश्नपत्रिका सलग तीन तास घड्याळ लावून सोडवण्याला पर्याय नाही.

क्लासच्या बाजूनेही सांगितले पाहिजे. ठरलेले वेळापत्रक, बरोबरीची मुले आणि शंका विचारल्यावर तिथल्या तिथे मिळणारे उत्तर ही क्लासची खरी बलस्थाने आहेत. चालू अभ्यासक्रमात एनपीटेलवरही शंका विचारता येतात, पण उत्तराची वाट पाहावी लागते. ज्याला एकट्याने नेटाने बसणे जमत नाही, त्याने गावातल्या अभ्यासिकेत दोनतीन मित्रांचा गट करून तोच अभ्यासक्रम एकत्र पाहावा. हा उपाय लागू पडतो असा माझा अनुभव आहे.

इंग्रजीची अडचण मी कमी लेखत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची पहिली काही व्याख्याने उच्चार समजण्यातच जातात. बऱ्याच अभ्यासक्रमांचे मराठीसह अनेक भारतीय भाषांत लेखी भाषांतर उपलब्ध आहे. ते आधी वाचून मग मूळ व्याख्यान ऐकले तर गाडी लवकर रुळावर येते. परीक्षा इंग्रजीतच असते, म्हणून केवळ भाषांतरावर मात्र विसंबू नये.

शिकण्यासाठी पैसे लागत नाहीत. प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षाशुल्क भरावे लागते. गेटच्या गुणांत त्या प्रमाणपत्राला स्थान नाही, त्यामुळे पैशांची ओढाताण असेल तर ते बिनदिक्कत सोडून द्यावे. वेळापत्रकाचा विचार मात्र करावा. एनपीटेलचे जुलैचे सत्र ऑक्टोबरपर्यंत संपते आणि गेट फेब्रुवारीत असते, म्हणजे नोव्हेंबर ते जानेवारी हे महिने निव्वळ प्रश्नपत्रिकांसाठी मोकळे राहतात. जानेवारीत सुरू होणारे सत्र त्या वर्षीच्या परीक्षेच्या उपयोगाचे नाही. ते तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी पुढच्या वर्षीच्या गेटसाठी, कॉलेजात तोच विषय चालू असताना घ्यावे.