किक स्कूटर, म्हणजे एका पायाने जमीन ढकलत चालवायची मुलांची गाडी, घेताय? तीन चाकांची, दोन चाकांची की हवेच्या टायरची?

दुकानात आधी मुलाचं वय विचारतात. माझ्या मते आधी जमीन बघावी, म्हणजे मूल जिथे स्कूटर फिरवणार ती जागा. या गाडीचा इतिहास बघितला तरी हेच दिसतं.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतली मुलं जुनं रोलर स्केट मोडून त्याची चाकं फळीखाली ठोकत आणि पुढे लाकडी खोकं बसवत. आपल्याकडच्या बेअरिंगच्या गाडीची ही सख्खी बहीणच. १९५०च्या दशकात जर्मनीत हवेच्या जाड टायरच्या स्कूटर मुलांमध्ये लोकप्रिय होत्या. दगडी फरसबंदीवरही त्या सहज चालत. मग १९९०च्या दशकात झुरिकच्या विम ऑबोटर यांनी घडी होणारी ॲल्युमिनियमची स्कूटर घडवली. सॉसेजचं आवडतं दुकान चालत जायला लांब आणि मोटार काढायला जवळ, एवढीच त्यांची अडचण होती. चाकं घेतली इनलाइन स्केटची (ज्यात चाकं एका रांगेत असतात), छोटी आणि कडक. २०००मध्ये याच धाटणीची ‘रेझर’ अमेरिकेत आली आणि घरोघरी पोचली.

आज दुकानात सर्वांत जास्त दिसते ती हीच, दोन छोट्या चाकांची. हलकी, घडी करून लिफ्टमध्ये नेता येते, मागच्या मडगार्डवर पाय दाबला की ब्रेक लागतो. पण तिचं चाक जेमतेम ९८ मिलिमीटरचं. सोसायटीत पेव्हर ब्लॉक असतील आणि एखादा खचला असेल, तर चाक त्या फटीत अडकतं, गाडी जागीच थांबते आणि मूल हँडलवरून पुढे फेकलं जातं. हात टेकवायला जातं नि मनगटावर येतं. गुळगुळीत काँक्रीट असेल तरच ही घ्या, तीही मूल पाच-सहा वर्षांचं झाल्यावर.

त्याहून लहानांना पुढे दोन, मागे एक चाक असलेलीच बरी. तिचं हँडल वळत नाही. मूल ज्या बाजूला झुकेल तिकडे गाडी वळते. तोल सांभाळायला शिकावं तर हिच्यावरच.

खडबडीत रस्त्यासाठी २०० मिलिमीटरची चाकं किंवा हवेचे टायर. जड असते, पंक्चरही होते, तरी आपल्या बहुतेक गल्ल्यांसाठी मी हीच सुचवेन.

वापरलेली घेत असाल तर घडीचा सांधा हलवून बघा. तिथे खडखड झाली तर स्वस्त मिळाली तरी नको. हेल्मेट मात्र तिघींसाठीही हवंच.