लेकराचा व्हिडिओ काढायला आलेला माणूस

₹६,३६,१००. आजारी भाचीच्या उपचाराला देणग्या मिळवून देतो म्हणून एका माणसानं आमच्या घरातून एवढे उकळले. आकडा आधीच लिहून टाकतो, कारण गावात आता वीस लाखांपासून पन्नास लाखांपर्यंत काहीही बोललं जातंय आणि गोष्ट ‘सरांनीच खाल्ले’ इथपर्यंत गेलीय. गावानं दिलेले ₹८४,२७० यात धरलेले नाहीत. ते आमच्या हातात कधी आलेच नाहीत, थेट त्या माणसाच्या क्यूआर कोडवर गेले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवतो. ज्यांना हसायचं त्यांनी इथंच हसून घ्यावं.

देवगिरी एक्सप्रेस ज्या पट्ट्यातून जाते तिथले आम्ही. जिल्हा मुद्दाम लिहीत नाही, नोकरी करायची आहे अजून. माझी भाची पावणेचार वर्षांची असताना तिच्या पोटात गाठ निघाली. न्यूरोब्लास्टोमा नावाचा कॅन्सर. बहुतेक वेळा किडनीवरच्या ग्रंथीतून सुरू होतो आणि होतो तो बहुतांशी लहान लेकरांनाच. परळला टाटात नेलं, केमो झाल्या, ऑपरेशन झालं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत मुक्काम, औषधांच्या रांगा, ज्यांच्या घरात हे दुखणं आलंय त्यांना सगळं पाठ आहे. उपचाराबद्दल माझी काडीची तक्रार नाही. खर्चाचा मोठा भाग तिथल्या मदतीतून आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून निघाला. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढचा सगळा घोळ पैसे नव्हते म्हणून झाला असं वाचणाऱ्याला वाटेल. तसं नाही. घोळ झाला तो गाठ परत आल्यावर.

डॉक्टरांनी बोलता बोलता इम्युनोथेरपीचं नाव काढलं. डायन्युटुक्सिमॅब म्हणून इंजेक्शन आहे, अमेरिकेत २०१५ साली मंजूर झालेलं. त्याच वाक्यात त्यांनी हेही सांगितलं की खर्च आवाक्याबाहेरचा आहे आणि आजार उलटल्यावर त्याचा किती उपयोग होईल याची खात्री देता येत नाही. पण आईबापाच्या कानात ‘औषध आहे’ एवढंच शिरतं. बाकीचं वाक्य कुणी ऐकत नाही.

तो माणूस हॉस्पिटलबाहेर चहाच्या टपरीवर भेटला. गळ्यात ओळखपत्र, हातात फाइल. ‘कुणीकडचे पाहुणे?’ म्हणून त्यानंच विचारलं आणि आम्ही सांगितल्यावर म्हणाला, ‘मग आपल्याकडचेच की! मी अंबाजोगाईचा.’ बोलणंही अगदी तसंच. ‘सर, इथं काय करायलाव? लेकरू हातचं जाईल. पैशाचं सोडा, परदेशात दान देणारे बसलेत.’ मुंबईच्या त्या गर्दीत आपल्या बोलीत कुणी बोललं की माणूस निम्मा विरघळतो. (अंबाजोगाईत नंतर चौकशी केली. त्या नावाचं तिथं कुणी नाही.)

फाइल चार्ज ₹१८,५००. पुढं आलं अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलचं एस्टिमेट: ३ लाख ८० हजार डॉलर, म्हणजे सव्वातीन कोटी. लेटरहेड रंगीत, सही झोकदार. पाठवणाऱ्याचा ईमेल मात्र जीमेलचा. परदेशातलं कुठलंही धड हॉस्पिटल जीमेलवरून एस्टिमेट पाठवत नाही. त्यांच्या वेबसाइटवर परदेशी रुग्णांसाठीचा विभाग असतो, तिथला पत्ता स्वतः शोधा आणि स्वतः लिहा. कुणी पुढं केलेल्या कागदावरचा फोन नंबर लावलात तर उचलणारा त्याचाच माणूस असणार.

मग व्हिडिओ. याबद्दल लिहायला हात धजत नाही, पण लिहिण्याचं कारणच ते आहे.

दोघंजण गाडी करून आमच्या गावी आले. एकाकडं कॅमेरा, दुसऱ्याकडं बॅग. भाची त्या दिवशी चांगली होती. अंगणात कोंबडीच्या मागं पळत होती. कॅमेरावाला म्हणाला, ‘अशी नको, हसायली ती.’ टोपी काढायला लावली. अंगातला नवा फ्रॉक काढून जुना मळका घालायला लावला. पोळ्याला बैल सजवावा तसं, फक्त उलटं. मग त्या दुसऱ्यानं बॅगेतून सलाईनची बाटली काढली आणि आमच्या बैठकीतल्या खिळ्याला टांगली. नळी खाली आणून लेकराच्या मनगटाला चिकटपट्टीनं डकवली. सुई नव्हती. नळीचं टोक पट्टीखाली नुसतं दडपलेलं. बाटली रिकामी होती म्हणून आमच्याच माठातलं पाणी त्यात भरलं.

माठातलं पाणी. मी समोर उभा होतो. तांब्या माझ्याच आईनं दिला.

आता कुणीही म्हणेल की तिथंच त्यांना हाकलायला हवं होतं. हो, हवं होतं. पण ऐका. बहिणीनं दबक्या आवाजात विचारलं होतं, ‘दादा, हे कशाला?’ मीच तिला गप्प केलं, कारण त्या माणसानं मला आधी बाजूला घेऊन समजावलं होतं: ‘सर, हॉस्पिटलात शूटिंगला परवानगी मिळत नाही. आजार खरा, कागद खरे, फक्त चित्र इथं घ्यायचंय. गोऱ्या लोकांना दिसल्याशिवाय ते देत नाहीत.’ आजार खरा होता ना? बायोप्सीचा रिपोर्ट खरा होता ना? मग चित्रातली नळी खोटी असली तर काय बिघडतं, असं वाटलं. तुमचं लेकरू असतं तर तुम्हालाही तेच वाटलं असतं, कृपया शहाणपण शिकवू नका. त्यांना रडणारी आई हवी होती. बहिणीला रडायला सांगावं लागलं नाही.

‘व्हिडिओ आणि प्रमोशन’चे ₹६५,०००. ‘हॉस्पिटलची स्लॉट बुकिंग’ ₹२,४०,०००. दाजींनी दिवाळीआधी काढलेलं सोयाबीन हमीभाव ४,८९२ असताना चार हजारांच्या आसपास विकलं होतं, ते पैसे यात गेले. आईनं गंठण सोडून बाकीचं सोनं मोडलं, ₹१,७८,००० आले, तेही यात.

तोवर आमच्या मोबाइलवर एक पान दिसायला लागलं होतं. भाचीचा फोटो, इंग्रजी मजकूर आणि वाढत जाणारा आकडा. रात्री झोपताना ३४ लाख, सकाळी ३६. घरात पहिल्यांदा कुणीतरी हसलं त्या आठवड्यात. गावानं वर्गणी दिली ती याच पानावरच्या क्यूआरवर. माझ्या शाळेतल्या पोरांनी खाऊचे पैसे जमवून ₹७,३४० दिले, ते त्या ₹८४,२७० मध्येच आहेत. मोबाइलवरचा आकडा म्हणजे खात्यातला पैसा नव्हे. तो आकडा कुणीही टाइप करू शकतं.

मे २०२५ मध्ये आकडा ₹६२,५२,००० वर थांबला आणि रिझर्व्ह बँकेचं पत्र आलं. म्हणजे तसं छापलेलं पत्र. निधी परदेशी हॉस्पिटलला वळता करण्याआधी ५ टक्के कर भरावा, ₹३,१२,६००. मी आंधळेपणानं भरले नाहीत, हे नोंदवून ठेवा. इंटरनेटवर पाहिलं. उपचारासाठी परदेशात पैसे पाठवताना तेव्हा ५ टक्के टीसीएस लागायचा, हे खरंच आहे! नियम खरा निघाला म्हणून माणूस खरा वाटला. पण हा कर कापते ती पैसे पाठवणारी आपली बँक, तोही त्याच वेळी, आणि रिटर्न भरताना तो वळता करून घेता येतो. रिझर्व्ह बँक कुणाच्याही घरी असली पत्रं धाडत नाही. शिवाय एप्रिल २०२५ पासून पहिल्या १० लाखांवर तो लागतच नाही. म्हणजे त्यांच्याच आकड्यावर, त्यांच्याच नियमानं हिशेब ₹२,६२,६०० चा होता. पन्नास हजार जास्तीचे मागितले तेही गणिताच्या मास्तरकडं.

शिक्षकांच्या पतसंस्थेतून तीन लाखांचं कर्ज उचललं. हप्ता चालू आहे, अजून बरीच वर्षं चालेल.

बँकेत आरटीजीएसचा फॉर्म भरताना काउंटरवरच्या मॅडमनी विचारलं होतं, ‘सर, संस्थेला द्यायचेत म्हणता, मग खातं ट्रेडर्सच्या नावानं कसं?’ मी तिथूनच फोन लावला. तो म्हणाला, ‘एफसीआरएचं खातं दिल्लीत असतं, तिथं वेळ लागतो, म्हणून आपल्या पार्टनरच्या खात्यात घ्यायलोत.’ आता हेही अर्धं खरं. परदेशी देणग्या घेणाऱ्या संस्थांना त्यासाठीचं खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच उघडावं लागतं. पण कर भरायला ट्रेडर्सचं खातं? मॅडमनी मान हलवली आणि शिक्का मारला. त्यांनी अजून एक प्रश्न विचारला असता तर बरं झालं असतं, असं रोज वाटतं. पाठीमागं रांग होती, त्यांचंही काय चुकलं म्हणा.

पैसे गेले आणि फोन लागायचा बंद झाला. पुढं पुण्यात नोकरीला असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं लिंक पाठवली: ‘सर, ही आपली छकुलीच ना?’ व्हिडिओ तोच. आमची बैठक, आमचा खिळा, माठातलं पाणी. नाव मात्र दुसरं, आजार ल्युकेमिया केलेला, मागं इंग्रजी बाईचा आवाज आणि दानाची रक्कम डॉलरमध्ये. म्हणजे आमच्याकडून उकळलेले सहा लाख हा त्यांचा चिल्लर धंदा होता. खरं दुकान लेकराच्या तोंडावर चाललं होतं, आणि अजून चाललंय.

आता सरकारी कामाचं ऐका.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला. तिथल्या बाई बोलायला नीट होत्या, तक्रार घेतली, नंबर दिला. पण ही यंत्रणा पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवण्यासाठी आहे. पहिल्या काही तासांत फोन गेला तर उपयोग, आमचे पैसे केव्हाच पांगले होते. होल्ड झाले ₹११,४१६. तेही मिळवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणाले. वकिलानं त्याचे पंधरा हजार सांगितले.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: ‘पैसे तुम्ही स्वतःहून दिले ना? मग फसवणूक कसली?’ दुसरा प्रश्न हद्दीचा. माणूस मुंबईत भेटला, तर मुंबईला जा. अहो, कॅमेरा आमच्या बैठकीत आला होता, पैसे इथल्या बँकेतून गेले! आणि हद्द नसली तरी तक्रार नोंदवून पुढं पाठवावी लागते, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तसं लिहिलंय. मी प्रिंट काढून नेली होती. हवालदारानं ती वाचली, घडी घालून मला परत दिली आणि म्हणाला, ‘सर, तुम्ही शिकलेले, तुम्हीच असं केल्यावर अडाण्यानं काय करावं?’ अर्ज ठेवून घेतला. पोच मागितली तर शिक्का साहेबांच्या कपाटात आणि साहेब बंदोबस्तावर. पोच घेतल्याशिवाय ठाण्याच्या पायऱ्या उतरू नका, बसून राहा.

सायबर शाखेत सांगितलं, ज्या खात्यात पैसे गेले ते दुसऱ्या राज्यातल्या एका मजुराच्या नावावर आहे, त्यानं खातं भाड्यानं दिलेलं. बरं, मग त्या मजुराला कुणी विचारलं का? ‘पत्रव्यवहार चालू आहे.’ धर्मादाय कार्यालयात गेलो. बाबूनं कॉम्प्युटरवर पाहिलं आणि मोठ्या समाधानानं सांगितलं की अशी संस्था आमच्याकडं नोंदलेलीच नाही, म्हणून तिच्याविरुद्धची तक्रार आम्हाला घेता येत नाही. म्हणजे नोंदणी करून फसवलं असतं तर सोय झाली असती! (संस्थेचं नाव पैसे देण्याआधी त्यांच्या वेबसाइटवर शोधता येतं. मला नंतर कळलं.) ज्या समाजमाध्यमावर तो व्हिडिओ फिरतोय त्यांच्याकडं तक्रार केली, तर उत्तर आलं की या मजकुरात आमच्या नियमांचा भंग झालेला नाही. लोकप्रतिनिधीच्या पीएनं शिफारसपत्र दिलं, त्यात लेकराचं आडनाव चुकीचं.

टाटातल्या समाजसेवा विभागातल्या ताईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, आमच्याकडं आधी यायचं ना. मुख्यमंत्री सहाय्यता निधी असो, पंतप्रधान निधी असो, मदत मंजूर झाली की पैसा हॉस्पिटलच्या खात्यात जमा होतो. मदत सोडवून घेण्यासाठी पेशंटनं पैसे भरायचे, असा प्रकारच नसतो. फाइल चार्ज मागितला की उठायचं. आणि खरंच बाहेर न्यायची वेळ आली तर एस्टिमेट दाखवून आपली बँकच पैसे थेट तिकडच्या हॉस्पिटलला पाठवते, मध्ये ट्रेडर्स नको, पार्टनर नको, आपल्याकडचा तर मुळीच नको.

लेकराचा व्हिडिओ काढू द्यायचा असेल तर तो कुठं दाखवणार, किती दिवस, हे लिहून घ्या, आणि एक प्रत स्वतःकडं ठेवा. आमच्याकडं प्रत नव्हती. आमच्याच घरात काढलेला व्हिडिओ पुरावा म्हणून द्यायला त्या विद्यार्थ्यानं मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवला. तुम्हाला कुठं तो दिसला, बैठकीत निळी भिंत, खिळ्याला बाटली, तर हळहळून पुढं पाठवू नका. लिंक आणि तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा.

भाची सध्या गोळ्यांच्या केमोवर आहे. दाजी बोलत नाहीत माझ्याशी. नीट बोलतात, पण बोलत नाहीत.

सायबर शाखेतून परवा फोन आला. जबाब पुन्हा घ्यायचाय, कारण आधीचे साहेब बदलून गेले आणि नव्या साहेबांना फाइल सापडत नाही. सोमवारी बोलावलंय. येताना सगळ्याची झेरॉक्स दोन प्रतींत आणा म्हणाले, त्यांच्याकडचं मशीन बंद आहे.